घसरगाडीतली सहावी जागा

१

राजाभाऊ वाघमाऱ्यांना ही गोष्ट सांगायची नव्हती, हे सगळ्यात आधी लिहून ठेवा. चार इयत्ता शिकलेला माणूस, त्याला कोणी गोष्ट सांग म्हणतं का? पण शैलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, इथल्या लोअर हट गावच्या मराठी मंडळात परस्पर शब्द देऊन टाकला. "आमचे हे सांगतील हो ती बर्फातली गोष्ट." आमचे हे! पन्नास वर्षं या बाईनं त्यांना एक वाक्य पुरं करू दिलं नाही, आणि आता म्हणे सांगा. बरं, सांगायची तर सरळ सांगायची. मध्येच कोणी 'मग ते होतं तरी काय' असं विचारायचं नाही. विचारलंत तर चहा घ्या आणि आपापल्या घरी जा.

राजाभाऊंनी पुण्यात, येरवड्यात, एकतीस वर्षं शाळेच्या पोरांची रिक्षा चालवली. रिक्षात पोरं किती असायची ते पोलिसांनी विचारावं, तुम्ही नाही. पण एकतीस वर्षांत एकही पोर मागं राहिलं नाही. त्याला कारण त्यांची हजेरी. प्रत्येक पोराला नंबर दिलेला. निघायच्या आधी राजाभाऊ ओरडणार, "बोला!" की पोरं एकापाठोपाठ एक आपापला नंबर ओरडणार. शेवटचा नंबर आला की मगच इंजिनाचा दांडा ओढायचा. मधला एक जरी गप्प राहिला, तरी रिक्षा जागची हलायची नाही. मग पाऊस पडो, नाही तर मुख्याध्यापक बोंबलो.

मुलगा रवींद्र इंजिनिअर झाला, इकडं न्यूझीलंडला आला, आईबापांना घेऊन आला. इथं शाळेला रिक्षा नाही, पण वॉकिंग बस असते. बस म्हणायची नुसती. एक मोठं माणूस पुढं चालतं आणि गल्लीतली पोरं पिवळी जाकिटं घालून मागं. ती गल्ली राजाभाऊंना मिळाली. पोरं पाच. नातू मैत्रेय एक नंबर, शेजारची ऋचा दोन, देवव्रत तीन, नील चार, आणि सहा वर्षांची नात ओवी पाच. रस्ता ओलांडायच्या आधी राजाभाऊ ओरडणार, "बोला!" आणि ही पोरं इंग्लिशमध्ये ओरडणार, "वन! टू!"

"मराठीत बोला रे."

"आजोबा, दॅट्स हीप्स हार्ड," म्हणजे लई अवघड, असं देवव्रत म्हणायचा, आणि पाचही जण खिदळायचे.

त्यातल्या त्यात सुखाचे दिवस होते. पण मे महिन्यात नीलला ताप आला. तो येणार नाही असा निरोप फोनवर आला होता म्हणे. राजाभाऊ फोन वाचत नाहीत. नीलच्या दारात घंटी वाजवत ते पंधरा मिनिटं उभे राहिले आणि बाकीच्या चौघांना शाळेला उशीर झाला. त्या दिवसापासून रवींद्रचं सुरू झालं. "बाबा, तुमचं आता वय झालं. पुढच्या टर्मला बघू, दुसरं कोणी आहे का."

हे 'बघू' राजाभाऊंना चांगलं ओळखता येतं. डॉक्टर असंच म्हणतात.

२

जुलैच्या सुट्टीत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, सगळे दक्षिणेकडं डोंगरात गेले. नील, ऋचा आणि देवव्रत यांचे आईबाप स्कीइंगला पळाले, सून अक्षता आणि शैलाबाई गुडघे शेकत भाड्याच्या घरात बसल्या, आणि पाच पोरं रवींद्रच्या गळ्यात पडली. त्यानं स्नोमोबीलची सफर ठरवून टाकली. निघताना बापाला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, आज नीट पार पडू दे. पोरांचे आईबाप मला विचारणार आहेत, आजोबांवर सोपवायचं का म्हणून."

राजाभाऊंनी ठरवलं, आज तोंड उघडायचं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याची शेड. तिथं हेमी नावाचा माओरी गाईड, दाराएवढा रुंद गडी. "किया ओरा, कोरो!" असं म्हणून त्यानं राजाभाऊंचा हात असा दाबला की बोटं मोजून घ्यावी लागली. मैत्रेयनं सांगितलं, किया ओरा म्हणजे नमस्कार आणि कोरो म्हणजे आजोबा. मग ठीक.

हेमीनं पोरांना जाड कपडे चढवले, हेल्मेटं घातली, आणि शेडमधून गाडी काढली. स्नोमोबील म्हणजे काय, तर पुढं दोन पट्ट्या, मागं रबरी पट्टा, वर मोटरसायकलसारखी सीट. हेमीनं दोरी ओढली, इंजिन फुर्रर्र करून सुटलं, निळा धूर आला, आणि राजाभाऊ जागच्या जागी उभे राहिले. टू-स्ट्रोक! तेल मिसळलेल्या पेट्रोलचा तो वास! पुण्यातून तो वास जाऊन कैक वर्षं झाली होती. त्यांनी डोळे मिटून छाती भरून घेतला.

"बाबा, धूर आहे तो," रवींद्र म्हणाला.

"तुझं शिक्षण झालंय त्या धुरावर," राजाभाऊ म्हणाले. तोंड उघडायचं नाही हे तेवढ्यापुरतं विसरले.

हेमीच्या गाडीमागं पोरांसाठी घसरगाडी जोडली होती. वर कापडी छप्पर, आत समोरासमोर दोन बाकडी, तीन इकडं, तीन तिकडं, खाली स्प्रिंगा. रिक्षाच की ही! चाकं काढलेली. राजाभाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी छपराच्या दांड्यावर दोन थापा मारल्या. पोरं आत बसली. तिघं एकीकडं, नील आणि ओवी दुसरीकडं, ओवीच्या शेजारी एक जागा रिकामी.

"बोला!"

"वन!" "टू!" "थ्री!" "फोर!" "फाइव्ह!"

हेमी खूश. "स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे एकदम झकास. "माझ्यापेक्षा बरी पद्धत आहे तुमची." मैत्रेयनं त्याचं मराठी करून सांगितलं. रवींद्रनं पण ऐकलं असेलच.

दुसऱ्या गाडीवर रवींद्र पुढं, बाप मागं. आणि निघाले.

३

वर पोचल्यावर राजाभाऊंनी जे पाहिलं ते सांगायला त्यांच्याकडं शब्द नाहीत, आणि असते तरी त्यांनी तुम्हाला दिले नसते. डोंगराचा माथा सपाट, मैलभर पांढरा, झाड म्हणून नाही. मधूनमधून काळे खडक उभे, जत्रेतून परतताना वाट चुकलेल्या माणसांसारखे. वर आकाश असं निळं की डोळ्यांत पाणी यावं. पोरांची घसरगाडी उसळत होती आणि आतून एकच ओरडा, "फास्टर! फास्टर!" राजाभाऊ मुलाच्या कंबरेला धरून बसले होते. मोठेपणी रवीला असं धरायची वेळ कधी आली नव्हती. तेही बरं वाटलं.

एका मोठ्या खडकाशी हेमी थांबला. पोरं बर्फात लोळली. देवव्रतनं राजाभाऊंच्या कॉलरमध्ये बर्फ टाकला. राजाभाऊंनी त्याला पुण्यातली शिवी दिली. मग 'शिवी परत सांगा' म्हणून पाचही जण मागं लागले. बर्फाचा माणूस झाला, त्याला राजाभाऊंची माकडटोपी घातली. सत्तरी उलटलेला माणूस बर्फात पाठीवर पडून हातपाय हलवत होता, आणि त्याची नात त्याच्या पोटावर बसून हसत होती. खरं सांगायचं तर एवढे ते कित्येक वर्षांत हसले नव्हते.

मग निघायची वेळ. पोरं घसरगाडीत बसली. इंजिनं अजून बंद होती. त्या माथ्यावरची शांतता तुम्हाला कळायची नाही. आपल्या कानातलं रक्त आपल्यालाच ऐकू येतं.

"बोला!"

"वन!" "टू!" "थ्री!" "फोर!" "फाइव्ह!"

"सहाऽ!"

स्वच्छ मराठीत. शाळेच्या पोरांसारखा शेवट ओढलेला, हसू दाबून म्हटलेला. आवाज पोराचा की पोरीचा ते सांगता येईना.

राजाभाऊ म्हणाले, "देव्या, बस झाली मस्ती."

"मी नाय बोललो, आजोबा," देवव्रत म्हणाला. त्याच्या तोंडात चॉकलेट होतं. खरंच बोलू शकला नसता.

राजाभाऊंनी डोकं चालवलं. खडकावरून आवाज परत आला असेल. पण खडकावरून परत आलेला आवाज आपण टाकला तेवढाच येतो, वरती एक नंबर घालून येत नाही. मग वारा? वारा नव्हता. मग म्हातारपण. हे त्यांना पटलं, कारण तेच सगळ्यांत वाईट होतं. ते गाडीकडं वळले. रवींद्र चष्म्याची काच पुसत होता, कोरडी झाली तरी पुसतच राहिला.

निघता निघता त्यांनी घसरगाडीत एकदा पाहिलं. बर्फात खेळून गारठलेली पोरं एरवी एकमेकांना चिकटून बसतात. नील आणि ओवी चिकटून होते खरे, पण पार कडेला. टोकाची ती जागा त्यांनी मोकळी सोडली होती, आणि ओवीनं आपल्या मांडीवरच्या पांघरुणाचा कोपरा तिकडं टाकलेला होता.

४

पुढं मेंढपाळांची पत्र्याची झोपडी होती. उन्हाळ्यात मेंढ्या वर येतात तेव्हाची. आता बर्फानं खिडकीपर्यंत बुजलेली, मागची बाजू मात्र उताराकडं उघडी. हेमीनं फावड्यानं दार मोकळं केलं आणि आतली शेगडी पेटवली.

एकच खोली. दोन फळ्यांचे पलंग, एक टेबल, मागच्या भिंतीत हातभर खिडकी, तिच्यावर बर्फाची साय. शेगडी तापली तसा पत्रा कडकड बोलायला लागला, कधी छपरावर, कधी भिंतीत. पोरांनी गरम चॉकलेट ढोसलं, फेसाच्या मिश्या उमटवल्या, हेमीनं त्यांना भुवया नाचवून दाखवल्या. बाहेर थंडी, आत धूर आणि दुधाचा वास, आणि पाच पोरांचा कलकलाट. यापेक्षा चांगली खोली राजाभाऊंनी पाहिली नाही, त्यात त्यांचा फ्लॅटही आला.

पण मनात ते होतंच. दार बंद होतं. सगळी पोरं डोळ्यांसमोर होती. याच वेळी खात्री करून घ्यावी, म्हातारपण आहे की काय ते. त्यांनी गमतीगमतीत हाळी दिली, "बोला!"

पाच तोंडं हलली. पाच नंबर आले. सहावं तोंड खोलीत नव्हतं.

"सहाऽ!"

मागच्या भिंतीपलीकडून. पत्र्याला अगदी ओठ लावून म्हटल्यासारखं.

राजाभाऊंनी हातातला कप खाली ठेवला. पण पोरं? पोरांनी मान वर केली नाही. बिस्किटावरून भांडण चाललं होतं.

"ओवी," त्यांनी हळूच विचारलं, "सहा कोण म्हणालं?"

"सिक्स," ओवी म्हणाली, दिवसा सूर्य असतो असं सांगावं तसं.

"सिक्स म्हणजे कोण?"

"आय डोन्ट नो, आजोबा. शी'ज जस्ट सिक्स." मग थोडा विचार करून, "ऑर ही."

"भीती नाही वाटत तुला?"

"नो! तिला पण राइड पाहिजे."

राजाभाऊंनी रवींद्रकडं पाहिलं. रवींद्र मागच्या भिंतीकडं पाहत होता. बापाची नजर लागताच त्यानं मान फिरवली आणि हेमीला विचारलं, "परत जायला किती वेळ लागेल?"

५

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. पोरं बसली, हेमी बसला, रवींद्र बसला. राजाभाऊंनी एक पाय टाकला आणि तसेच थांबले.

गप्प बसायचं, तर वॉकिंग बस आपली. सोमवारपासून पिवळी जाकिटं, पाच पोरं, सकाळचा रस्ता. बोलायचं, तर उरलेले दिवस खिडकीशी. हिशेब सोपा होता, चौथी पास माणसाला जमेल असा. पण नंबर आला होता. आणि ज्याचा नंबर आला त्याला सोडून राजाभाऊंनी एकतीस वर्षांत गाडी काढली नव्हती. त्यांनी टाकलेला पाय काढून घेतला.

"काय झालं बाबा?"

"एक राहिलंय."

"कोण राहिलंय? पाच पोरं आली, पाच आहेत."

"सहावा नंबर आला. दोनदा. तू पण ऐकलास."

रवींद्र गाडीवरून उतरला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. थंडीनं असेल, असं तो आजही म्हणतो. "मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला. मग आवाज चढला. "तुम्ही पोरांच्या डोक्यात भरवताय हे! उद्या घाबरली म्हणजे? आईबापांना काय सांगू मी? तुम्हाला पाचापर्यंत मोजता येईनासं झालंय बाबा, कळतंय का तुम्हाला?"

हे पोरांसमोर. हेमीसमोर. ज्या माणसानं मोजण्यावर संसार केला, त्याला.

घसरगाडीतून मैत्रेय म्हणाला, "डॅड, आम्ही वेट करतो. इट्स ओके."

हेमीनं एकदा झोपडीकडं पाहिलं, मग राजाभाऊंकडं. दोन्ही गाड्यांची इंजिनं त्यानं बंद केली. "टेक युअर टाइम, कोरो," एवढंच म्हणाला.

राजाभाऊ एकटे आत गेले. शेगडी विझवलेली, पत्रा निवत होता, ठक, ठक, दर ठोक्याला थोडा उशीर करत. टेबलावर कप पालथे. मघाशी इतकी चांगली वाटलेली खोली ती हीच, यावर विश्वास बसेना. त्यांनी मागच्या खिडकीकडं पाहिलं. काचेवरच्या सायीत बाहेरच्या बाजूनं एक जागा वितळत होती. हाताच्या तळव्याएवढी. लहान हाताच्या. त्या बाजूला उतार होता, खिडकीखाली दोन पुरुष खोल पोकळी होती, हे त्यांनी येताना पाहिलं होतं. तिथं उभं राहायला जागाच नव्हती.

खोटं कशाला सांगा. पळावंसं वाटलं.

पण पोर ते पोर. राजाभाऊंनी दार सताड उघडलं, बाजूला झाले आणि रोज म्हणायचे तसं म्हणाले, "चला, चला, उशीर होतोय. दप्तर राहिलं नाही ना?"

पोरं रिक्षात चढताना ते प्रत्येकाच्या डोक्याला हात लावायचे. हात सवयीनं खाली गेला. हातमोजा काढलेलाच होता.

तळव्याला केस लागले. ओले, बर्फ अडकलेले, आणि खाली गरम डोकं. सरकत पुढं गेलं. बाहेर.

खाली बघायचं की नाही, हे ठरवायला त्यांच्याकडं तेवढाच वेळ होता. त्यांनी समोर बघितलं.

६

उतरताना पोरांनी गाणं काढलं. कुठलं ते विचारू नका, नंबरांचंच काहीतरी, आणि प्रत्येक ओळीला सगळे मिळून किंचाळत होते. सूर्य मावळतीला टेकला होता, बर्फ गुलाबी झाला होता. रवींद्र नाकासमोर बघून गाडी हाकत होता. राजाभाऊंनी त्याच्या कंबरेला धरलं होतं, आणि पोरगा आतून कापत होता, हे त्यांच्या हातांना कळत होतं. इंजिनाचं कापणं वेगळं. ते राजाभाऊंना शिकवू नका.

शेडशी थांबल्यावर ते घसरगाडीच्या मागं जाऊन उभे राहिले. पोरं उतरायला लागली. आता ही एक गोष्ट शिकलेल्या माणसाला ठाऊक नसते. गाडीतून पोर उतरलं की स्प्रिंग उठते. थोडीशीच, बोटभर, आणि एक कुईं आवाज करते. रिक्षावाल्याला मागं न बघता कळतं कितीजण उतरले ते.

मैत्रेय उतरला. कुईं. ऋचा. कुईं. देवव्रत उडी मारून, दोन कुईं एकात. नील. मग ओवी, आजोबांच्या हातावर. कुईं.

ओवीला खाली ठेवून राजाभाऊ सरळ झाले. गाडी रिकामी होती. पाचही पोरं शेडकडं पळत सुटली होती.

कुईं.

स्प्रिंग बोटभर उठली आणि थांबली.

हेमी तिथंच हूक सोडवत होता. त्याचा हात थांबला. त्यानं रिकाम्या बाकड्याकडं पाहिलं, खाली बर्फाकडं पाहिलं, आणि मग राजाभाऊंच्या पाठीवर अशी थाप मारली की ते दोन पावलं पुढं गेले. "गुड ड्रायव्हर," तो म्हणाला. त्यानं काही विचारलं नाही. शहाणा माणूस.

राजाभाऊंना भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. शाळा सुटल्यावर शेवटचं पोर घरी पोचवून रिक्षा मोकळी होते ना, तसं हलकं.

७

व्हॅनमध्ये पोरांना रवींद्रनं बसवलं. बापाला जवळ येऊ दिलं नाही. सरकत्या दाराची मूठ धरून तो स्वतःच मोजायला लागला, घाईघाईनं, डोक्यावर बोट ठेवून. "वन, टू, थ्री, फोर, फाइव्ह." झालं. दार ओढायचं आणि निघायचं.

त्यानं दार ओढलं नाही. मूठ धरून उभा राहिला. कान दिलेला. श्वास धरलेला, कारण तोंडातून वाफ येत नव्हती.

"डॅड, इट्स फ्रीझिंग!" आतून मैत्रेय ओरडला.

तेव्हा कुठं त्यानं दार लावलं.

त्या रात्री मुक्कामाच्या घरी सगळ्या आईबापांना त्यानं काय सांगितलं ते शैलाबाईंनी दाराआडून ऐकलं. आजोबा थोडे गोंधळले, वय झालंय, सोमवारपासून दुसरं कोणी बघू. सोमवारी दुसऱ्या बाई आल्या, हातात यादी, गळ्यात शिट्टी. त्यांनी यादी वाचली. पोरं फाटकाशी उभी राहिली आणि हललीच नाहीत. दहा मिनिटं झाली. ओवी म्हणाली, "आजोबांनी 'बोला' नाही म्हटलं." त्या बाई चांगल्या. हसल्या, आत आल्या आणि शिट्टी काढून राजाभाऊंच्या गळ्यात घालून गेल्या. नीलच्या आईनं जिलेबी पाठवली. देवव्रतच्या बापानं फोन करून सॉरी म्हटलं, ज्याची काही गरज नव्हती. म्हणजे वॉकिंग बस राहिली, राजाभाऊंचीच.

आता रोज सकाळी फाटकाशी हजेरी होते. पाच नंबर येतात. पाचच. सहावा पुन्हा आला नाही, कारण तो पोचला. कुठं, ते राजाभाऊंना माहीत नाही. रिक्षावाल्यानं पोराला दारात सोडायचं, घरात डोकवायचं नाही.

पण रवींद्र त्याच वेळी ऑफिसला निघतो. गाडीत बसलेला असतो, काच खाली केलेली. पोरांचे नंबर संपतात. ओवीचं 'फाइव्ह' होतं. आणि तो गाडी सुरू करत नाही. किल्लीवर हात ठेवून थांबतो, आपण तीन मोजू एवढा वेळ. रोज. मग निघून जातो.

म्हणजे झोपडीत त्यानं ऐकलं होतं. खडकापाशीही ऐकलं होतं. ऐकूनसुद्धा बापाला चार लोकांत मोजता येत नाही म्हणाला. हेमीनं मान दिला, परक्या बाईनं शिट्टी दिली, सगळ्यांचं सगळं फिटलं. माफी मागायचा राहिलाय एकच माणूस. नाव लिहून घ्या, पूर्ण लिहा: रवींद्र राजाराम वाघमारे.